डिस्टोपियन विज्ञानपटातले जग आणि त्या जगात राहणारा कॅमेरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भविष्यातल्या एका दडपशाहीच्या राज्यावर, म्हणजे डिस्टोपियन जगावर, तुम्ही पंचवीस मिनिटांचा लघुपट करत आहात. तुमची नायिका परवाना कार्यालयाच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहते, आणि शेवटी तिच्या आईचे नाव तिथल्या नोंदवहीतून पुसले जाते. कथेचे जग कागदावर तपशीलवार तयार आहे, पण मोठे सेट आणि संगणकीय दृश्ये तुम्हाला परवडणारी नाहीत. चाचणी म्हणून केलेल्या चित्रणात तुम्ही सर्वत्र निळसर-राखाडी छटा ठेवली, वाइड लेन्स वापरली आणि कॅमेरा हातात घेऊन हलता ठेवला. तरीही ते जग खोटे वाटते. असे का होते, आणि जगाची मांडणी व कॅमेऱ्याचे तंत्र यांची सांगड कशी घालावी, हे तुम्हाला हवे आहे.

गेली बावीस वर्षे मी छायालेखन करते आहे आणि या प्रकारातल्या तीन चित्रपटांवर काम केल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. असे जग खोटे वाटते त्याचा दोष आपण सेटला देतो, पण बहुतेक वेळा कॅमेराच त्या जगात पाहुण्यासारखा वागत असतो. तुम्ही वर्णन केलेली चाचणीच घ्या. नायिका गल्लीतून चालली आहे आणि कॅमेरा तिला सोडून भिंतीवरच्या सरकारी फलकाकडे वळतो, तो वाचून होईपर्यंत थांबतो, मग मान वर करून टेहळणीचे ड्रोन दाखवतो आणि सावकाश परत तिच्याकडे येतो. त्या गल्लीत जन्म काढलेली बाई यातल्या एकाही गोष्टीकडे ढुंकून पाहणार नाही. फलक तिला पाठ आहे आणि ड्रोनच्या आवाजाकडे तिचे लक्षही जात नाही. कॅमेरा मात्र प्रत्येक वस्तूपाशी थबकतो, आणि त्यामुळे प्रेक्षकाला त्या वस्तूमागे कलाविभागाचा हात दिसू लागतो. तोच फलक फ्रेमच्या कडेला, अर्धा कापलेला, फोकसबाहेर ठेवा आणि नायिकेला त्याच्या पुढून घाईने जाऊ द्या. प्रेक्षक स्वतःहून तो वाचण्याचा प्रयत्न करील, आणि जे त्याने स्वतः शोधले त्यावर त्याचा विश्वास बसेल.

म्हणून कॅमेऱ्याला हात लावण्याआधी त्या राज्याविषयी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: टंचाई कशाची आहे, ती गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे, आणि हे किती वर्षे चालू आहे. पहिल्या दोन गोष्टींचा विचार बहुतेक लेखक करतात. तिसरी राहून जाते, आणि कॅमेऱ्याला सर्वांत जास्त उपयोग तिचाच असतो. दडपशाही दोन वर्षांची असेल तर फलक नवे असतील, लोक चिडलेले असतील, रांगेत वाद होतील. ती तीस वर्षांची असेल तर खिडकीच्या कठड्याचा रंग जिथे लोक कोपर टेकतात तेवढ्याच जागी उडालेला असेल, रांग कोणी न सांगता लागेल आणि आपला क्रमांक पुकारला जाण्यापूर्वीच माणूस कागद उलगडून तयार ठेवील. या दोन राज्यांत कॅमेऱ्याची नजरही वेगळी राहील. पहिल्यात ती भिरभिरेल, दुसऱ्यात ती थकलेली आणि सरावलेली असेल.

एकच नियम घेऊन तो शेवटपर्यंत नेला तर किती काम होते, याचे मला आवडणारे उदाहरण म्हणजे फ्रान्स्वा त्रुफो यांचा १९६६ सालचा ‘फॅरनहाइट ४५१’. त्या जगात वाचन हा गुन्हा आहे, म्हणून चित्रपटाची श्रेयनामावली पडद्यावर लिहिलेली येतच नाही. छपरांवरच्या टीव्हीच्या अँटेना दिसत राहतात आणि नावे वाचून दाखवली जातात. नायक ज्या वर्तमानपत्रात डोके घालून बसतो त्यात नुसती चित्रे आहेत, अक्षर नाही. यासाठी खर्च काही आला नाही. जगाचा नियम पात्रांपुरता न ठेवता चित्रपटाने स्वतःलाही लावून घेतला, एवढेच. तुमच्या राज्याचा नियम तुमच्या चित्रपटाच्या अंगाला कुठे लावता येईल, यावर एक संध्याकाळ घालवा असे मी सांगेन.

आता जागेविषयी. पैसे नसणे ही या प्रकारात मोठी अडचण नाही. झाँ-ल्यूक गोदार यांनी १९६५ मध्ये ‘आल्फाव्हिल’ केला तेव्हा एकही भविष्यकालीन सेट उभारला नाही. छायालेखक राऊल कुतार यांनी त्या वेळच्या पॅरिसमधल्या काचेच्या नव्या इमारती, हॉटेलांचे लांब बोळ आणि रात्रीचे रस्ते जलद, म्हणजे कमी उजेडातही चित्र उमटणाऱ्या, कृष्णधवल फिल्मवर उपलब्ध प्रकाशातच टिपले. परके शहर तयार झाले ते केवळ निवडीतून, म्हणजे काय फ्रेममध्ये घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे यातून. जॉर्ज लुकास यांच्या ‘टीएचएक्स ११३८’ (१९७१) मध्ये जमिनीखालचे शहर आहे, आणि त्याचा बराच भाग सॅन फ्रान्सिस्को परिसरात तेव्हा बांधकाम चालू असलेल्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत चित्रित झाला. अँड्र्यू निकोल यांच्या ‘गॅटाका’मध्ये (१९९७) अंतराळसंस्थेचे मुख्यालय म्हणून जी इमारत दिसते ती फ्रँक लॉइड राइट यांनी आखलेली कॅलिफोर्नियातली एक सरकारी इमारत आहे, आणि रस्त्यावरच्या गाड्या १९६० च्या दशकातल्या आहेत, फक्त त्यांच्या इंजिनाचा आवाज काढून तिथे विजेच्या मोटारीची गुणगुण ठेवली आहे. जुन्या काळाला जे भविष्य वाटत होते ते वापरले की प्रेक्षकाला ते नेमके कोणत्या सालातले आहे हे सांगता येत नाही, आणि हा संभ्रम आपल्या कामाचा असतो.

रेकीला, म्हणजे चित्रणाच्या जागा पाहायला, जाताना मी एक सवय ठेवली आहे, तीही सांगते. जागा आवडली की तिथे कॅमेरा लावण्याआधी मी एक तास नुसती बसते आणि तिथल्या माणसांना ती जागा कुठे अडते हे पाहते: कोणता दरवाजा खांद्याने ढकलावा लागतो, कोणत्या पायरीवर पाऊल जपून पडते. त्या जागांचे शॉट हमखास जिवंत येतात.

जागा निवडल्यावर तिच्यावर काळाचे थर चढवायचे असतात. ‘ब्लेड रनर’ (१९८२) करताना रिडली स्कॉट आणि आराखडे काढणारे सिड मीड यांनी नवे शहर बांधण्याऐवजी जुन्या शहरावर नळ, तारा, पंखे, डबे ठोकत जाण्याची पद्धत धरली. जुने पाडायला पैसा आणि इच्छा दोन्ही उरलेले नाहीत, म्हणून जे बिघडेल त्याच्यावरच नवे डकवत राहायचे, असा त्यामागचा तर्क होता. तिथे लॉस एंजेलिसमधली १८९३ ची ब्रॅडबरी इमारत आहे तशी वापरली आहे, फक्त आत ओल, कचरा आणि बाहेरून फिरत येणारे झोत आहेत. टेरी गिलियम यांच्या ‘ब्राझील’मध्ये (१९८५) हाच विचार धातूच्या अवजड नळ्यांतून येतो. त्या प्रत्येक घरात, उपाहारगृहात, कचेरीत घुसलेल्या आहेत आणि राज्ययंत्रणा घरात किती आत आली आहे हे कोणी बोलून दाखवण्याची गरज राहत नाही. इथे कॅमेरा आणि कलादिग्दर्शन यांचे नाते स्पष्ट होते. छायालेखक रॉजर प्रॅट यांनी अतिशय वाइड लेन्स वापरल्या म्हणूनच छत सतत फ्रेममध्ये राहिले आणि छताला लटकलेल्या त्या नळ्या पात्रांच्या डोक्यावर बसल्या. लांब लेन्सने, म्हणजे दूरचे जवळ आणून थोडाच भाग दाखवणाऱ्या लेन्सने, हाच चित्रपट केला असता तर नळ्यांवर केलेला खर्च फ्रेमच्या वर वाया गेला असता.

तुम्ही वाइड लेन्स वापरली ती याच प्रकारच्या चित्रपटांच्या आठवणीतून असावी. तिचा गुण आणि अट दोन्ही लक्षात घ्या. वाइड लेन्स जवळचे मोठे आणि दूरचे फार लहान करते, त्यामुळे पात्र आणि त्याच्यामागची खोली यांतले अंतर ताणले जाते. माणूस व्यवस्थेत अडकलेला दाखवायला ती उत्तम. मात्र ती जमीन, छत आणि दोन्ही भिंती एकदम उघड्या करते. छत तयार नसेल, दिवे लपवायला जागा नसेल, तर ती लेन्स तुमच्या जगाची गरिबी दाखवत बसते. तुमच्या चाचणीत नेमके तेच झाले असणार. ‘टीएचएक्स ११३८’ मध्ये याच्या उलट मार्ग दिसतो: लांब लेन्स, दुरून टिपलेली माणसे, फ्रेमच्या कोपऱ्यात ढकललेले चेहरे आणि मधली जागा रिकामी. आपण कोणावर तरी पाळत ठेवून आहोत असे सतत वाटते. शिवाय लांब लेन्सच्या फ्रेममध्ये जगाचा अगदी अरुंद तुकडा येतो; तेवढा तुकडा नीट सजवणे तुम्हाला शक्य आहे. तुमच्या चित्रपटासाठी मी ५० आणि ८५ मिलिमीटर या दोन लेन्स मुख्य ठेवीन (आकडा जितका मोठा, तितकी लेन्स लांब) आणि वाइड लेन्स एकाच जागेसाठी राखून ठेवीन, जिथे नायिका परवाना कार्यालयाच्या आत पहिल्यांदा एकटी उभी राहते.

सर्वांत जास्त लिहायचे आहे ते प्रकाशाविषयी, कारण प्रकाश हीच या जगाची खरी बांधणी आहे असे मला वाटते. नेहमीच्या चित्रपटात आपण विचारतो, चेहरा कसा दिसेल? इथे आधी विचारायचे, या राज्यात वीज कोणाला मिळते? ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्याकडे कोणता प्रकाश आहे, आणि ज्याच्याकडे नाही तो कोणाच्या उष्ट्या प्रकाशात जगतो? ‘ब्लेड रनर’चे छायालेखक जॉर्डन क्रोननवेथ यांनी घरांच्या आत जे केले ते पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे. पात्र आपल्या खोलीत अंधारात बसलेले असते, आणि खिडकीच्या पट्ट्यांतून बाहेरचा प्रखर झोत आत येतो, भिंतीवरून सरकतो, चेहऱ्यावरून जातो आणि निघून जातो. आकाशातून फिरणाऱ्या जाहिरातींच्या यानांचे ते दिवे आहेत, असा त्याचा आधार. घरात बसूनही माणसाला खासगी अंधार मिळत नाही, ही त्या समाजाविषयीची गोष्ट तिथे एकही वाक्य न बोलता कळते. तंत्र म्हणून पाहिले तर खिडकीबाहेर एक कडक दिवा, तो फिरवणारा एक माणूस आणि खोलीत विरळ धूर, एवढेच त्यात आहे.

धूर लोक वातावरणासाठी सोडतात, पण त्याची खरी कामे तीन आहेत. तो झोताला आकार देतो. तो दूरच्या गोष्टी फिकट करतो, त्यामुळे छोटी जागा खोल वाटते, आणि लघुप्रतिकृतीही प्रचंड वाटू लागते, कारण मैलभर अंतरावरच्या गोष्टी हवेमुळे अशाच फिकट दिसतात हे डोळ्याला माहीत असते. तिसरे काम तुमच्या उपयोगाचे आहे: सेट जिथे संपतो ती कडा तो झाकतो. ‘ब्लेड रनर’चे रस्ते हे एका स्टुडिओच्या आवारातले जुने, कायमस्वरूपी उभे असलेले रस्ते होते; रात्र, पाऊस आणि धूर यांनी त्यांच्या कडा झाकल्या. धूर वापरताना पाठीमागून प्रकाश द्या, समोरून दिला तर सारी फ्रेम दुधाळ होते. मशीन चालवल्यावर तो खोलीत सारखा पसरेपर्यंत थांबा. पहिल्या टेकची एक स्थिर फ्रेम मॉनिटरवर जपून ठेवा आणि प्रत्येक टेकपूर्वी घनता तिच्याशी ताडून पाहा, नाहीतर संकलनात दर कटला हवा बदलेल. आणि मध्ये मध्ये दारे उघडून खोली मोकळी करा. दिवसभर त्या धुरात श्वास घेणारे लाइटमन आणि सहायक ही तुमची जबाबदारी आहे.

डेनी व्हिलनव यांच्या ‘ब्लेड रनर २०४९’ मध्ये (२०१७) रॉजर डीकिन्स यांनी हाच प्रश्न सत्ताधाऱ्याच्या बाजूने सोडवला. सगळे शहर काळवंडलेल्या आभाळाखाली आहे आणि उद्योगपती वॉलेसच्या दालनात मात्र सोनेरी, उबदार प्रकाश आहे, जणू सूर्य त्याने विकत घेऊन घरात ठेवला आहे. तो प्रकाश स्थिरही नाही. पाण्यावरून उठलेले त्याचे तरंग भिंतींवर हलत राहतात, काही ठिकाणी सावल्याच सरकत जातात, आणि दालनात कोणी हलत नसताना काहीतरी आपल्याभोवती फिरते आहे अशी अस्वस्थता येते. उजेड म्हणजे चांगले आणि अंधार म्हणजे वाईट या सवयीला त्यांनी थारा दिला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगते, कारण त्यात मला हे सारे एकत्र कळले. दिवसातून थोडेच तास वीज मिळते अशा समाजावरचा एक चित्रपट आम्ही करत होतो. सुरुवातीला क्रेनचा एक मोठा शॉट होता: गच्चीवरून उतरत कॅमेरा अंधारलेल्या वस्तीवर यायचा, मग खाली रस्त्यावर, गर्दीतून नायिकेच्या दारापर्यंत. त्याला अख्खी रात्र गेली. संकलनात तो शॉट लावला की चित्रपट तिथे थांबायचा. सुंदर दिसायचा, पण त्यातून तिथे राहणाऱ्या माणसांविषयी काही कळत नव्हते. शेवटी चित्रपट सुरू झाला तो स्वयंपाकघरातल्या चाळीस सेकंदांच्या शॉटने. जमिनीवर बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, ३५ मिलिमीटरची लेन्स, डोक्यावर एकच पिवळा बल्ब. ती काहीतरी निवडते आहे. बोलता बोलता, घड्याळाकडे न पाहता, ती काड्यापेटी स्वतःजवळ ओढते आणि पुन्हा निवडू लागते. काही क्षणांनी वीज जाते. अंधारात काडी ओढल्याचा आवाज येतो आणि वाक्य जिथे तुटले होते तिथूनच पुढे सुरू होते.

पहिल्या दोन टेकमध्ये आम्ही बल्ब एकदम बंद केला होता. गॅफर, म्हणजे दिव्यांचे काम पाहणारा प्रमुख, म्हणाला, या जगात वीजपुरवठा कमकुवत आहे ना, मग दाब आधी उतरेल. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, आम्ही तो बल्ब पाच-सहा सेकंदांत मंद करत नेला आणि मग विझवला. तापलेल्या तारेचा बल्ब दाब उतरला की मंद होतो, तसाच नारिंगी, तांबडाही होतो; बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि तिचा हात काड्यापेटीकडे का गेला याचे कारण प्रकाशातच सापडले. एलईडी दिवा वापरणार असाल तर हे आपोआप होत नाही. तीव्रतेबरोबर त्याचे रंगतापमानही (म्हणजे प्रकाश किती निळसर वा पिवळसर आहे ते) खाली आणण्याची योजना आधी करून ठेवावी लागते. जगाच्या वीजपुरवठ्याचा तपशील पटकथेत एका ओळीत होता. तो डिमरच्या मुठीपर्यंत पोहोचला तेव्हा ते जग उभे राहिले.

आता हलत्या कॅमेऱ्याविषयी. हातातला कॅमेरा म्हणजे वास्तव, हे समीकरण मनातून काढून टाकावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. कॅमेरा हलतो तेव्हा प्रेक्षक नकळत विचारतो, हा कोण हलतो आहे? आल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये (२००६) या प्रश्नाला उत्तर आहे, म्हणून तो हलता कॅमेरा खरा वाटतो. सुरुवातीचाच प्रसंग घ्या. साल २०२७, लंडन. कॉफीच्या दुकानात लोक टीव्हीकडे पाहत स्तब्ध उभे आहेत. जगातला सर्वांत लहान माणूस, अठरा वर्षांचा मुलगा, मारला गेल्याची बातमी चालू आहे. नायक थिओ गर्दीतून वाट काढत कॉफी घेतो आणि बाहेर पडतो. कॅमेरा त्याच्यामागून रस्त्यावर येतो. चालत्या बसवर पडदे आहेत, इमारती मळलेल्या आहेत, पण कॅमेरा कशापाशी थांबत नाही. थिओ कपात दारू ओतायला थांबतो, आणि मागे त्याच दुकानात स्फोट होतो. तो खाली वाकतो. कॅमेरा मात्र त्याला सोडून धुराकडे दोन पावले पुढे जातो. आपला तुटलेला हात दुसऱ्या हातात धरून बाहेर येणारी बाई दिसते आणि लगेच कट होतो.

त्या दोन पावलांकडे लक्ष द्या. थिओ या जगाला इतका सरावला आहे की तो पाहणे टाळतो, कॅमेरा पाहतो. पुढे स्थानकावर पिंजऱ्यांत कोंडलेल्या स्थलांतरितांजवळूनही तो तसाच निघून जातो आणि कॅमेरा क्षणभर मागे रेंगाळतो. रहिवासी असूनही ज्याच्या सदसद्विवेकाची धार बोथट झालेली नाही अशा माणसासारखा तो कॅमेरा वागतो. तुम्हाला मी सुरुवातीला सांगितले की कॅमेऱ्याने फलकापाशी थबकू नये, आणि हे उदाहरण त्याच्याशी विसंगत वाटेल. पण फरक असा आहे की क्वारोन आणि त्यांचे छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्की यांचा कॅमेरा वस्तूंपाशी रेंगाळत नाही, माणसांपाशी रेंगाळतो. यंत्रे, पडदे, गाड्या यांना तो कडेने जाऊ देतो.

याच चित्रपटातल्या लांब शॉटची इतकी चर्चा होते की विद्यार्थी तेवढेच उचलतात. गाडीतल्या हल्ल्याच्या शॉटसाठी गाडीचे छप्पर काढून वर कॅमेरा फिरवणारी यंत्रणा बसवली होती आणि कॅमेरा फिरताना वाट मिळावी म्हणून आसने झुकतील अशी केली होती. हे सारे केले ते अशासाठी की गाडीत बसलेल्या माणसाला सुटका नाही, तशी प्रेक्षकालाही मिळू नये. कट ही प्रेक्षकाला मिळालेली सुटका असते. तुमच्या प्रसंगात पात्राला सुटका नाही असा क्षण असेल तर कट टाळा. नसेल तर लांब शॉटचा हट्ट धरू नका. त्यात अभिनय, फोकस आणि वेळ तिन्हींचा बळी जातो.

टेहळणीच्या कॅमेऱ्यातून दिसणारी दृश्ये तुम्ही वापरणार असल्याचे लिहिले आहे. त्यांचा कस एकाच गोष्टीत असतो: त्या कॅमेऱ्याला कथेत रस नसतो. तो उंच कोपऱ्यात पक्का बसवलेला असतो, नायिका फ्रेमबाहेर गेली तरी वळत नाही, ती रडू लागली म्हणून जवळ जात नाही. बहुतेक चित्रपटांत अशी दृश्ये खोटी ठरतात, कारण ती फक्त दाणेदार करून त्यांवर तारीख-वेळ छापलेली असते आणि रचना मात्र छायालेखकाची असते. तुमच्या पंचवीस मिनिटांत अशी दोनच दृश्ये ठेवा, आणि दोन्हींत महत्त्वाची घटना फ्रेमच्या कडेला किंवा बाहेर घडू द्या.

रंगाविषयी माझे मत तुम्हाला कठोर वाटेल. सर्वत्र पसरलेली निळसर-राखाडी छटा काही सांगत नाही. रंगाला अर्थ येतो तो दुसऱ्या रंगाशेजारी. आंद्रेई तारकोव्स्की यांच्या ‘स्टॉकर’मध्ये (१९७९) बाहेरचे जग तपकिरी, जवळजवळ एकरंगी आहे आणि निषिद्ध प्रदेश रंगीत. तिघे जण रेल्वेच्या छोट्या ट्रॉलीवरून तिकडे जातात तेव्हा कॅमेरा प्रदेश दाखवतच नाही. तो त्यांच्या चेहऱ्यांजवळ, डोक्यांच्या मागच्या बाजूंजवळ राहतो, पार्श्वभूमी धूसर सरकत असते, रुळांचा ठोका हळूहळू बदलत जातो, आणि मग एका कटला हिरवा रंग येतो. तो हिरवा साधा गवताचा आहे, त्यात काहीही वैज्ञानिक नाही. पण तपकिरी रंगात इतका वेळ काढल्यामुळे डोळ्यांना तो परग्रहासारखा वाटतो.

मायकल रॅडफर्ड यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मधला (१९८४) विटलेला रंगही ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रणानंतर रंग ठरवण्याच्या कामात, चढवलेला नव्हता. डीकिन्स यांनी तिथे प्रयोगशाळेत फिल्म धुताना ब्लीचची, म्हणजे तिच्यातली चांदी काढण्याची, पायरी टाळली. त्यामुळे रंगीत प्रतिमेवर चांदीची कृष्णधवल प्रतिमा तशीच राहते, काळे अधिक घट्ट होते, रंग ओसरतात आणि त्वचेला आजारी झाक येते. आज हे संगणकावर करता येते, पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: रंग ओसरले तरी काळा आणि पांढरा यांतला ताण वाढला पाहिजे. तुमच्या चाचणीत बहुधा रंगही गेले आणि काळाही राखाडी झाला, म्हणून चित्र मेलेले दिसते. शक्य असेल ते सारे रंगकाम कपड्यांत आणि भिंतींत करा. कार्यालयातल्या सर्वांचे कपडे एकाच मातकट छटेत ठेवा, नायिकेच्या आईची एकच वस्तू, समजा तिची शाल, गडद लाल ठेवा, आणि कलरिस्टला (ग्रेडिंग करणाऱ्याला) त्वचेचा रंग निरोगी ठेवायला सांगा. माणूस जिवंत आणि भोवतालचे मृत, हे अंतर डोळ्यांना जाणवले पाहिजे.

दिशेचाही नियम एकदा ठरवून टाका. बाँग जून-हो यांच्या ‘स्नोपिअर्सर’मध्ये (२०१३) सारी कथा एका आगगाडीत आहे, गाडीचे शेपूट पडद्याच्या डावीकडे आणि इंजिन उजवीकडे. डब्यामागून डबे येतात, पण उजवीकडे जाणे म्हणजे सत्तेकडे जाणे हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडते, आणि नायकाला निर्णय घ्यायचा असतो तेव्हा त्याने कोणत्या बाजूला पाहिले एवढ्यावर प्रसंग तोलला जातो. तुमच्या कार्यालयाची खिडकी नेहमी एकाच बाजूला ठेवा. पूर्ण चित्रपटात नायिका त्या दिशेने जाईल. फक्त शेवटी, आईचे नाव नोंदवहीतून कायमचे पुसले गेल्याचे कळल्यावर, ती पहिल्यांदा उलट दिशेने चालेल.

ट्रिक दृश्यांना घाबरू नका, पण ती कॅमेऱ्यातच सुटतात का हे आधी पाहा. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’साठी (१९२७) ऑइगेन शुफ्टान यांनी कॅमेऱ्यासमोर तिरका आरसा लावला, त्याचा काही भाग खरवडून पारदर्शक केला, आणि आरशात दिसणारी लघुप्रतिकृती व काचेपलीकडचे खरे नट एकाच फ्रेममध्ये जुळवले. पंचावन्न वर्षांनी ‘ब्लेड रनर’मध्ये कृत्रिम माणसांच्या डोळ्यांत जी तांबूस चमक दिसते तीही कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत धरलेल्या अर्धपारदर्शक आरशातून, लेन्सच्याच रेषेत मंद प्रकाश डोळ्यांत पाठवून मिळवलेली आहे. काचेचा एक तुकडा आणि एक छोटा दिवा यांनी ते काम होते. नोंदवहीच्या कारकुनाचे डोळे तुम्हाला माणसाचे आहेत की नाहीत असा संशय निर्माण करायचा असेल, तर हे एका दुपारी करून पाहता येईल.

पुढची चाचणी कशी घ्यावी तेही सांगते. पूर्ण गल्ली नको, फक्त खिडकी घ्या. खिडकीतून येणारा पांढरा, सपाट, थंड प्रकाश हा कार्यालयाचा. रांगेतल्या लोकांना स्वतःचा प्रकाश नाही, पुढे सरकतील तसतसे ते त्या उजेडात येतात. ८५ ची लेन्स, कॅमेरा रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवर, तिपाईवर स्थिर. सहा-सात माणसे पुरेत; त्यांना सांगा की ती इथे दर महिन्याला येतात आणि आज त्यांचे पाय दुखत आहेत. फलक मागे, फोकसबाहेर. नायिका पुढे सरकते, कागद आधीच उलगडते, त्याची घडी जिथे फाटत आली आहे तिथे अंगठा ठेवते, जेणेकरून आतल्या माणसाला ती फट दिसू नये. खिडकीच्या आत कोण आहे ते दाखवू नका, फक्त कागद घेणारा हात दाखवा. ग्रेडिंग न करता हे दोन मिनिटे चित्रित करा आणि कथा माहीत नसलेल्या एखाद्याला आवाज बंद करून दाखवा. हे लोक इथे किती वर्षे येत असावेत, एवढेच त्याला विचारा, आणि त्याने सांगितलेला आकडा तुम्ही कागदावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा.